एकट्याचा होडीप्रवास : साहित्याची निवड व मार्गाची आखणी

गोमंतकाची भूमी नद्यांनी आणि खाड्यांनी विणलेली आहे. म्हादई अर्थात मांडवी, जुवारी, या दोहोंना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा, शापोरा, साळ आणि त्यांचे असंख्य फाटे यांवरून पिढ्यानपिढ्या माणसे, मीठ, नारळ व मासळी यांची ने-आण होत आली. आंब्यासारख्या वृक्षाचे खोड कोरून केलेली अरुंद होडी हे या पाण्याचे जुने वाहन होय. पूल व रस्ते झाल्यावर तिचे दैनंदिन महत्त्व कमी झाले. परंतु व्यायाम, निसर्गनिरीक्षण आणि भटकंती यांच्या ओढीने तरुण वर्ग पुन्हा वल्ह्याकडे वळताना दिसतो. त्यांपैकी काहींना एकट्यानेच दिवसभराचा जलप्रवास करावा असे वाटते. अशा प्रवासाची पूर्वतयारी कशी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एकट्याने कॅनू घेऊन दूरचा प्रवास करण्याची पद्धत विशेषेकरून कॅनडात व अमेरिकेच्या उत्तर भागात वाढीस लागली. तेथील मूळ रहिवासी भूर्जवृक्षाच्या सालीच्या हलक्या होड्या करीत. पुढे फरच्या व्यापारानिमित्त युरोपीय लोकांनी त्या स्वीकारल्या. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १८९३ मध्ये स्थापन झालेल्या अल्गाँक्विन उद्यानात आज दोन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचे कॅनूमार्ग आहेत. तेथे एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात जाताना होडी खांद्यावर घेऊन पायवाटेने चालावे लागते. त्यामुळे तेथील प्रवासी प्रथम या पायवाटांची लांबी मोजतो आणि तीवरून होडीचे वजन व सामान ठरवितो.

गोव्यातील परिस्थिती निराळी आहे. येथे होडी खांद्यावर घेण्याचा प्रसंग क्वचितच येतो; परंतु पाणी स्वतःच दिवसातून चार वेळा आपली दिशा बदलते. समुद्राच्या भरतीचा परिणाम मांडवीत मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत जाणवतो. तेव्हा येथील प्रवासाचे माप किलोमीटर नसून भरती-ओहोटीचे तास हे आहे. मार्ग आणि वेळ आधी ठरवावी व त्यांना अनुसरून साहित्य निवडावे, हा येथील पहिला नियम होय. पुष्कळ नवशिके याच्या उलट करतात. उत्तम होडी विकत घेतात आणि सुटीचा दिवस सापडला की पाण्यात उतरतात.

एकटेपणाचा अर्थ

दोघांच्या होडीत एकाने वल्हे मारावे आणि दुसऱ्याने पाणी उपसावे, नकाशा पाहावा किंवा दोर धरावा, अशी वाटणी होऊ शकते. एकट्या प्रवाशास दुसरा हात नसतो. वल्हे थांबले की होडी वाऱ्याच्या व प्रवाहाच्या स्वाधीन होते. हात दुखावला, ऊन लागले किंवा होडी उलटली, तर जे करावयाचे ते त्या एकाच माणसाने करावयाचे असते. कौशल्यामुळे हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. कॅनडाचा विख्यात चित्रकार टॉम थॉमसन हा अल्गाँक्विनच्या अरण्यात वर्षानुवर्षे वावरलेला, होडी चालविण्यात मुरलेला माणूस होता. ८ जुलै १९१७ रोजी तो तेथील कॅनू सरोवरावर एकटाच निघाला आणि आठ दिवसांनी त्याचा देह पाण्यात सापडला. त्याच्या मृत्यूच्या कारणाविषयी आजही वाद आहे. कारण घडले ते पाहणारे कोणीही जवळ नव्हते.

म्हणून प्रत्येक वस्तू निवडताना आणि मार्गाचा प्रत्येक टप्पा आखताना एकच प्रश्न विचारावा : येथे होडी उलटली किंवा अडकली, तर एकट्यास काय करता येईल? ज्या टप्प्यावर या प्रश्नास उत्तर सापडत नाही, तो टप्पा मार्गातून वगळावा.

होडीची निवड

एकट्यासाठी साधारणतः ४.२ ते ४.८ मीटर लांबीची व सुमारे ७० ते ७५ सेंटिमीटर रुंदीची उघडी कॅनू पुरेशी होते. लांब होडी सरळ व वेगाने जाते, आखूड होडी चटकन वळते. खाडीच्या रुंद पात्रात सरळ जाणे महत्त्वाचे असल्यामुळे मध्यम लांबी पसंत करावी. दोघांसाठी बांधलेली मोठी होडी एकट्याने नेऊ नये. तिचे पुढचे टोक पाण्यावर उचलले जाते आणि वारा त्यास हवे तसे फिरवितो.

होडीचे वजन ती कशाची बनविली आहे यावर अवलंबून असते. केव्हलार या धाग्याची होडी १४ ते १८ किलोग्रॅम भरते. पण ती महाग असते आणि कालवांनी व शिंपल्यांनी भरलेल्या खडकांवर घासल्यास तिचा पृष्ठभाग खराब होतो. काचतंतूची होडी २० ते २५ किलोग्रॅमची असून तिची दुरुस्ती गावातल्या कारागिराकडूनही होऊ शकते. पॉलिएथिलीनची होडी जड, परंतु आघात सोसणारी असते. गोव्यात होडी दूरवर वाहून न्यावी लागत नसल्याने थोडे अधिक वजन चालेल. मात्र धक्क्यावरून पाण्यात व पाण्यातून काठावर ती एकट्यास ओढता आली पाहिजे, ही कसोटी लावावी.

बसण्याची जागा होडीच्या मध्यापासून किंचित मागे असावी. रुंद पाण्यात किंवा लाटांत गुडघे टेकून बसल्यास गुरुत्वमध्य खाली येतो व तोल साधतो. यासाठी गुडघ्यांखाली जाड फोमचा तुकडा ठेवावा. दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या बांधाव्यात. होडी उलटली असता या पिशव्या तिला वर तरंगत ठेवतात आणि आत शिरणाऱ्या पाण्याचे प्रमाण घटवितात.

वल्हे व सुरक्षासाहित्य

वल्ह्याचा दांडा, पाते वगळून, आसनापासून नाकापर्यंतच्या उंचीइतका असावा. एकपाती वल्ह्याने एकाच बाजूने वल्हविले असता होडी दुसऱ्या बाजूस वळते. प्रत्येक फटक्याच्या शेवटी पाते किंचित बाहेरच्या बाजूस ढकलून ती सरळ ठेवण्याची कृती हा एकट्या वल्हेकऱ्याचा पहिला धडा होय. वाऱ्याविरुद्ध जाताना कायाकचे दुपाती वल्हे सोयीचे पडते. म्हणून एक एकपाती आणि दुसरे जोडता येणारे दुपाती, अशी दोन वल्ही न्यावीत. राखीव वल्हे हाताशी, परंतु बांधलेले असावे.

जीवरक्षक जाकीट अंगात घातलेले असेल तरच उपयोगी पडते. होडीच्या तळाशी ठेवलेले जाकीट उलटलेल्या माणसाच्या हाती लागत नाही. जाकिटास शिटी बांधावी. याखेरीज पाणी उपसण्याचे भांडे, दोन्ही टोकांस सुमारे पाच-पाच मीटरांचा दोर, लहान सुरी, विजेरी, प्रथमोपचाराची पेटी, जलाभेद्य पिशवीत भ्रमणध्वनी, नकाशा व होकायंत्र हे साहित्य आवश्यक समजावे.

खाडीचे पाणी खारे असल्याने पिण्याचे पाणी घरूनच न्यावे लागते. दिवसभरासाठी किमान ४ लिटर पाणी असावे. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, साखर-मिठाचे मिश्रण आणि सहज खाता येतील असे पदार्थ घ्यावेत. कॅनडाच्या पाण्यात थंडी ही प्रवाशाची मोठी शत्रू असते. गोव्यात तिची जागा उन्हाने घेतलेली आहे.

सामान होडीत कोठे ठेवावे, यासही महत्त्व आहे. समोरून वारा असल्यास सामान थोडे पुढे सरकवावे, म्हणजे पुढचे टोक वाऱ्यावर उडत नाही. वारा पाठीमागून असल्यास ते मागे घ्यावे. सर्व सामान घेऊन बसल्यावरही होडीची कड पाण्यापासून किमान १५ सेंटिमीटर वर राहिली पाहिजे. सामान बांधून ठेवावे. मात्र माणसाच्या पायांत अडकेल असा दोर कोठेही मोकळा सोडू नये.

भरती-ओहोटीचे गणित

दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणून दररोज भरतीची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असते. उधाणाच्या वेळी गोव्याच्या किनाऱ्यावर पाण्याची पातळी सुमारे २ मीटरांनी चढते-उतरते. एकाच दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात.

पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. ढोबळ मानाने भरतीचे सहा तास धरल्यास एकूण चढाचे बारा भाग करावेत. पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १ भाग पाणी चढते. चढ २ मीटरांचा असेल, तर तासागणिक १७, ३३, ५०, ५०, ३३ व १७ सेंटिमीटर असा हिशेब येतो. यावरून मधल्या दोन तासांत प्रवाह बहुधा सर्वांत जोरात असतो, हे ध्यानात येईल. याच तासांत प्रवाहाच्या विरुद्ध वल्हविणे म्हणजे शक्तीचा अपव्यय होय.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आडाखा जुना आहे. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणून त्या दिवशी सहाच्या सुमारास भरती. हा आडाखा अंदाजापुरताच वापरावा. मुरगावची भरती मुंबईच्या आधी येते आणि नदीत आत जावे तसतशी ती उशिरा पोचते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे वेळापत्रक प्रसिद्ध करतो व त्यात मुरगावच्या वेळा दिलेल्या असतात. प्रवासाच्या दिवसाची वेळ त्यातून घ्यावी आणि आतल्या गावची वेळ तेथील होडीवाल्यांना विचारून पक्की करावी.

वाऱ्याचा विचार

हिवाळ्यात व उन्हाळ्यात गोव्याच्या किनारी भागात पहाटे जमिनीवरून हलके मतलई वारे वाहतात. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि फेब्रुवारीनंतर त्यांचा जोर वाढतो. मांडवी व जुवारी यांची मुखे पश्चिमेस आहेत. दुपारी ओहोटीबरोबर पश्चिमेकडे परतणाऱ्या प्रवाशास समोरून खारा वारा लागतो. पाणी एका दिशेस व वारा विरुद्ध दिशेस, अशी स्थिती झाली की आखूड व उभ्या लाटा उठतात. उघड्या होडीत पाणी शिरते ते बहुधा अशाच वेळी. पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की एकट्याने काठ सोडू नये. पाण्यात असल्यास जवळचा काठ गाठावा.

यावरून तारीख निवडण्याची रीत निष्पन्न होते. सूर्योदयानंतर भरतीबरोबर आत जाता यावे, नऊ-दहाच्या सुमारास पाणी थबकावे आणि खारा वारा वाढण्यापूर्वी ओहोटीबरोबर परत येता यावे, असा दिवस शोधावा. मुरगावला सकाळी नऊच्या आसपास भरती येण्याचे दिवस बहुधा द्वादशी-त्रयोदशीच्या सुमारास सापडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम सर्वांत अनुकूल होय. जून ते सप्टेंबर या काळात पुराचे पाणी, वाहून येणारी झाडे व वादळी वारे यांमुळे एकट्याने नदीत उतरू नये.

मार्गाचे एक उदाहरण

रायबंदरहून दिवाडी बेटाभोवतीचा मार्ग उदाहरणादाखल घेता येईल. बेटाच्या दक्षिणेकडील मुख्य पात्रातून भरतीबरोबर जुने गोवे ओलांडून पूर्वेस जावे. बेटाच्या पूर्व टोकास वळसा घालून नार्व्याजवळ विसावा घ्यावा. येथील सप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. पाणी फिरल्यावर दिवाडी व चोडण या बेटांमधील उत्तरेच्या पात्राने ओहोटीबरोबर रायबंदरला परतावे. या मार्गाचा मोठा गुण असा की रायबंदर, जुने गोवे व नार्वे येथून दिवाडीला फेरीबोटी चालतात. काही अडचण आल्यास प्रवास सोडून देऊन परतण्याच्या जागा त्यावर अनेक आहेत.

मार्गाची लांबी नकाशावर दोरा ठेवून, वळणांसह मोजावी. समजा, जाण्याचे अंतर ८ किलोमीटर आले. सामानासह एकट्याचा वेग स्थिर पाण्यात ताशी ४ किलोमीटर धरावा. प्रवाहाची ताशी १ किलोमीटर मदत मिळाल्यास हे अंतर १ तास ३६ मिनिटांत होते. तोच प्रवाह विरुद्ध असल्यास २ तास ४० मिनिटे लागतात. त्यात वाऱ्यामुळे आणखी १ किलोमीटर घटल्यास पुरे ४ तास लागतात. वेळ चुकल्याने तेच अंतर अडीचपट लांबते आणि तेही भर उन्हात.

प्रथम प्रवास करणाऱ्याने फेरा पुरा करण्याचा हट्ट धरू नये. परतीची वेळ आधी ठरवून कागदावर लिहावी. ती वेळ होताच, मुक्कामाचे ठिकाण दृष्टिपथात असले तरी, मागे वळावे. अर्धी शक्ती खर्च झाल्यावर नव्हे, तर एक तृतीयांश खर्च झाल्यावर परतीस लागावे. उरलेला एक तृतीयांश भाग अडचणीसाठी राखून ठेवावा.

धोक्याची ठिकाणे

खारफुटीतील अरुंद फाटे रमणीय असतात. परंतु तेथे ओहोटीत पाणी झपाट्याने उतरते. होडी चिखलावर टेकली, तर एकट्यास ती ओढता येत नाही आणि चिखलात पाय मांडीपर्यंत रुततात. अशा फाट्यात चढत्या पाण्यात शिरावे व पाणी फिरण्यापूर्वी बाहेर पडावे. तरीही अडकल्यास होडीतून उतरू नये. सावली करून बसावे व पुढच्या भरतीची वाट पाहावी. चार लिटर पाण्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

खाजन शेतीच्या बांधांतील मानशींपासून दूर राहावे. ओहोटीत मानशीची दारे उघडतात व पाणी वेगाने बाहेर पडते. तेथे बहुधा जाळीही लावलेली असतात. फेरीबोटीच्या मागून जावे, पुढून कधीही नाही. बार्जला मध्येच थांबता किंवा वळता येत नाही, म्हणून मुख्य प्रवाह सोडून काठाजवळून वल्हवावे आणि पात्र काटकोनात, कमीत कमी वेळात ओलांडावे. कोकण रेल्वेच्या व इतर पुलांच्या खांबांजवळ प्रवाह भोवरे घेतो. तेथे दोन खांबांच्या मधोमध सरळ जावे.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरींची वस्ती आहे. फोंडा तालुक्यातील खाडीकाठच्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजिली जाते, इतका हा प्राणी तेथील जीवनाशी निगडित आहे. मगरीने पाहून घ्यावे आणि निघून जावे इतके अंतर तिला द्यावे. सांजवेळी या पाण्यात राहू नये, काठावर उतरू नये, पाण्यात हात-पाय सोडून बसू नये व मासळी धुऊ नये. शिवाय कालव्यात दोन्ही नद्यांतून पाणी येते. ते कोणत्या वेळी कोणत्या बाजूस वाहील, हे दोन्ही टोकांच्या पातळीवर ठरते. तेव्हा हा मार्ग एकट्या नवशिक्याने निवडू नये. चोडणच्या पश्चिम टोकावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये.

निघण्यापूर्वी

पोहणे आलेच पाहिजे. उलटलेली होडी सरळ करून तिच्यात परत चढण्याचा सराव, काठाजवळ, सोबत्याच्या उपस्थितीत, अनेक वेळा करावा. हा सराव झाल्याखेरीज एकट्याने निघू नये. १९९० मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यातच आहे. जलक्रीडेचे रीतसर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांनी तिच्याकडे चौकशी करावी. होडी उलटल्यास तिला सोडून काठाकडे पोहत जाण्याचा मोह टाळावा. तरंगती होडी दुरून दिसते, पोहणाऱ्याचे डोके दिसत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून तो घरी द्यावा : निघण्याचे ठिकाण व वेळ, मार्ग, विसाव्याच्या जागा, होडीचा व जाकिटाचा रंग, परतीची वेळ आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास ११२ या क्रमांकावर कळवावे ती वेळ. ठरलेला मार्ग पाण्यात असताना बदलू नये. शोध घेणारे लोक कागदावरच्या मार्गानेच जातील.

शेवटी, होडी काठावर उभी असताना तीन गोष्टी तपासाव्यात. वेळापत्रकातील भरती व प्रत्यक्ष पाणी यांचा मेळ बसतो काय? वारा अपेक्षेपेक्षा अधिक तर नाही ना? शरीर पूर्ण स्वस्थ आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल आले, तर प्रवास पुढे ढकलावा. पंधरवड्यानंतर तीच तिथी व जवळपास तीच भरती पुन्हा येते. तेवढी प्रतीक्षा करण्याची तयारी हे एकट्या प्रवाशाच्या साहित्यातील सर्वांत मोलाचे व बिनखर्चाचे साधन समजावे.